कट्ट्यावर गेलो, पण तोंडच उघडलं नाही

"मॅडम, लिहायला मला काही अडचण येत नाही. पण त्या लोकांत जाऊन बसलं की तोंडच उघडत नाही."

मी समुपदेशक आहे, आणि हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्याच्या पुढची दोन-तीन वाक्यंही आता मला ठाऊक असतात. बोलणारी माणसं मात्र दर वेळी वेगळी. बँकेतून निवृत्त होऊन जुन्या नाशिकच्या आठवणी लिहिणारे काका, बाळ झोपल्यावर रात्री पाककृती लिहिणारी मुलगी, शनिवार-रविवार गडावर जाऊन सोमवारी त्याची हकिकत लिहिणारा तरुण. सगळ्यांचे ब्लॉग आहेत, थोडेफार वाचक आहेत, आणि सगळ्यांना कधी ना कधी निरोप आलेला असतो की आपल्या गावातले लिहिणारे येत्या रविवारी भेटतायत, तुम्हीही या. काही जण जातच नाहीत. काही जातात, कडेला बसून चहा पितात आणि 'पुन्हा नको' असं ठरवून घरी येतात. मग महिनाभर लिहिणंही बंद पडतं. माझ्याकडे येण्याचं खरं कारण बहुतेक वेळा ते असतं.

इंटरनेटवर मराठीत लिहिणाऱ्यांनी प्रत्यक्ष भेटण्याची पद्धत काही आजची नाही. कुणी त्याला कट्टा म्हणतं, कुणी गटग, म्हणजे गेट-टुगेदर. 2010 साली पुण्यात आणि मुंबईत मराठी ब्लॉगर्सचे मेळावेही झाले. मेळाव्याला जाणं त्या मानाने सोपं. खुर्च्यांच्या रांगा असतात, कुणीतरी सूत्रसंचालन करतं, मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या तरी हजेरी लागते. कट्ट्यावर तशी सोय नाही. बागेत, वाचनालयाच्या ओसरीवर नाहीतर मिसळीच्या हॉटेलात दहा-बारा माणसं गोल करून बसलेली. अध्यक्ष नाही, कार्यक्रमपत्रिका नाही, आणि नवा कोण हे सगळ्यांना पहिल्या मिनिटात कळतं.

त्यात लिहिणाऱ्यांच्या कट्ट्याची आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. एरवी माणसाची ओळख आधी चेहऱ्याने होते, मग नावगाव कळतं, आणि मनातलं बोलायला वर्ष जातं. इथे सगळं उलट्या क्रमाने घडतं. वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल तुम्ही घरातही जे बोलला नाहीत ते समोरच्याने वाचलेलं असतं, आणि तुमचं आडनाव मात्र त्याला माहीत नसतं. म्हणून एरवी चारचौघांत छान वावरणारी माणसंही इथे अडखळतात. लेखातला मी आणि इथे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेला मी यांत लोकांना फरक दिसेल, ही ती धास्ती असते.

दोनेक वर्षांपूर्वी आलेल्या एका गृहस्थांची हकिकत सांगते. त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिखाणाचा विषय मात्र त्यांच्याच सांगण्यावरून तसाच ठेवला आहे. वय चाळिशीच्या अलीकडे, पाटबंधारे खात्यात नोकरी, मूळ गाव बागलाणात, राहायला नाशिकमध्ये. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवरच्या जुन्या बंधाऱ्यांवर आणि फड पद्धतीवर ते लिहितात. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी न्यायचं, भिजणाऱ्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी वाटायला गावाने पाटकरी नेमायचा, अशी धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत काही शतकं चालत आलेली ही व्यवस्था आहे. त्यांचे लेख मी नंतर वाचले. माहिती तर आहेच, पण भाषा इतकी घोटीव की एकही शब्द इकडचा तिकडे करता येऊ नये.

पहिल्या भेटीत त्यांनी निदानही स्वतःच करून आणलं होतं.

"मला बोलण्याचा न्यूनगंड आहे, मॅडम."

"असं काय झालं?"

"कट्ट्याला गेलो होतो. सगळा वेळ बसलो. ओळख करून द्यायची वेळ आली तेव्हा नाव सांगितलं आणि पाटबंधारे म्हणालो. बस."

"तुम्हाला कुणीच काही विचारलं नाही?"

"विचारलं ना. एका ताईंनी माझे लेख वाचलेले होते. त्या म्हणाल्या, तुम्ही लिहिलेला तो बंधारा अजून चालू आहे का?"

"मग?"

"मी म्हणालो, हो."

"आणि?"

"आणि काही नाही."

ज्या विषयावर हा माणूस सुट्टीच्या दिवशी दीडदीडशे किलोमीटर मोटारसायकल चालवतो, म्हाताऱ्या पाटकऱ्यांशी तासन् तास बोलतो, त्या विषयावरचा नेमका प्रश्न समोरून आला आणि उत्तर निघालं 'हो'. न्यूनगंड हा शब्द मी तिथेच बाजूला ठेवला. असे मोठे शब्द माणसाला चिकटले की तो त्यांच्याच आधाराने बसून राहतो. त्यापेक्षा त्या प्रश्नाच्या आणि त्या 'हो'च्या मधल्या काही क्षणांत काय घडलं, हे मला हवं होतं.

ते लगेच मिळालं नाही. दोन-तीन भेटी नोकरी, घर, मुलांच्या शाळा यांत गेल्या. मग एकदा मी पुन्हा तिथेच आले. "ताईंनी विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात. त्याच्या आधी डोक्यात काय चाललं होतं?"

"वाक्य बनवत होतो."

"कोणतं?"

"बंधारा चालू आहे, पण पाणी पहिल्यासारखं येत नाही, असं." ते थांबले. मग खाली बघून म्हणाले, "आमच्या घरात अहिराणी बोलतात, मॅडम. लिहिताना मी ण कुठे आणि न कुठे ते बघून बघून टाकतो. बोलायला लागलो की पानीच येतं. कोन, पानी, आनि. त्या वाक्यात पाणी होतं. ते काढून दुसरं कसं म्हणता येईल ते शोधत होतो. तोवर त्या ताई शेजारच्यांशी बोलायला लागल्या."

त्या क्षणी मला सगळं स्पष्ट दिसलं. बोलायची इच्छा होती, विषय होता, ऐकणारी व्यक्तीही होती. पण हा माणूस बोलण्याआधी मनातल्या मनात मुद्रितं तपासत बसला होता. लिहिताना ज्या सवयीने त्यांचं लिखाण इतकं नेटकं झालं, तीच सवय ते कट्ट्यावर घेऊन गेले होते. कागदावर एक वाक्य चार वेळा खोडता येतं, वाचक थांबून असतो. बोलताना समोरचा दोन सेकंद वाट बघतो आणि पुढे जातो.

हे समजल्यावर मला आधीच्या कितीतरी जणांचा उलगडा झाला. पाककृती लिहिणारी मुलगी आपल्या लेखांइतकं गमतीदार बोलायच्या खटपटीत गप्प बसायची. आठवणी लिहिणारे काका सनावळी चुकेल म्हणून तोंड मिटून घ्यायचे. ज्याला त्याला आपापला 'ण' असतो. लिहिणाऱ्या माणसाचं कट्ट्यावरचं मौन मला आता नेहमीच्या बुजरेपणापेक्षा वेगळं ओळखू येतं, आणि त्यावरचा उपायही वेगळा लागतो. 'आत्मविश्वास वाढवा', 'धीट व्हा' असं सांगून इथे काही होत नाही.

त्यांची भीती हवेतून आलेली नव्हती, हेही लिहायला हवं. अकरावीला शहरात आले तेव्हा एका शिक्षकांनी वर्गासमोर उभं करून त्यांच्याकडून 'पाणी' म्हणवून घेतलं होतं आणि वर्ग हसला होता. ण आणि न यांवरून माणसाची पायरी ठरवायची खोड आपल्या मराठी समाजात आहे. 'कोणी हसणार नाही हो' असं मी त्यांना सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि पहिल्या हसणाऱ्या माणसाबरोबर माझा सल्लाही संपला असता.

म्हणून मी उलट बाजूने गेले. "समजा, तुम्ही पानी म्हणालात आणि कुणी हसलं. मग काय होईल?"

"त्यांना कळेल."

"काय कळेल?"

"की हा लिहितो ते खरं नाही. हा आहे खेड्यातलाच."

"खेड्यातला माणूस बंधाऱ्यांवर लिहितो, यात खोटं काय आहे?"

यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी ती शांतता मोडली नाही. मग म्हणाले, "नाही, पण मला शुद्ध बोलता आलंच पाहिजे ना."

हा 'च' जिथे सापडतो तिथे माझं काम सुरू होतं. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 साली मांडलेली. शुद्ध बोलता आलं तर बरं वाटेल, ही इच्छा झाली. तिच्याशी माझं काहीच भांडण नाही. बोलता आलंच पाहिजे, नाहीतर मी तिथे बसायच्या लायकीचा नाही, ही सक्ती झाली, आणि ती माणूस स्वतःच स्वतःवर लादतो. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं. सक्ती मोडायची वेळ आली तर तोंड बंद होतं. या दोन्हींत केवढं अंतर आहे हे एकदा पटलं की पुढची वाट बरीच मोकळी होते, असा माझा अनुभव आहे.

एलिस यांची एक गोष्ट मी त्यांना सांगितली, आणि ती अनेकांना सांगत आले आहे. एकोणीस वर्षांचे असताना ते मुलींशी बोलायला भयंकर घाबरायचे. त्यांनी ठरवलं की महिनाभर न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली कुणी दिसली की तिच्या बाकावर बसून एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. एकशे तीस जणींच्या शेजारी ते बसले. तीस उठून गेल्या. शंभर जणींशी बोलणं झालं. त्यातली एक पुन्हा भेटायला तयार झाली, आणि ती आलीच नाही.

"मग फायदा काय झाला?" त्यांनी विचारलं.

"भीती गेली."

ते हसले. माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणी हसले.

पण पटणं वेगळं आणि अंगी उतरणं वेगळं. ते उतरलं त्या दिवसाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

त्या दिवशी मी कट्ट्याचा विषय काढलाच नाही. त्यांचा एक लेख वाचून गेले होते आणि त्यातलं एक मला खरोखरच कळलं नव्हतं. मी म्हटलं, "एका वर्षी नदीला पाणी कमी आलं तर फडांचं काय करतात? शेवटच्या फडातला शेतकरी मरतोच ना?"

"नाही नाही, तसं नसतं," म्हणत त्यांनी माझ्या टेबलावरचं पॅड ओढून घेतलं. नदीची एक वाकडी रेघ काढली, तिच्यावर आडवा बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाखाली चार चौकोन. मग सांगायला लागले. बहुतेकांची जमीन एकाच फडात नसते, थोडी या फडात, थोडी त्या फडात असते. पाणी कमी आहे असं दिसलं की गाव बसून ठरवतं, यंदा एक फड भिजवायचा नाही. मग नुकसान होतं ते सगळ्यांचं थोडं थोडं होतं, एकटा कुणी बुडत नाही. पाटकऱ्याने दार कधी उघडायचं, कुणाची पाळी कधी, रात्रीची पाळी आली तर शेतावर कोण जाणार. मध्ये मी विचारलं, "आणि पाटकऱ्याने आपल्या भावाला जास्त पाणी दिलं तर?" त्यावर ते खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांच्या आजोबांनी पाहिलेलं एक भांडण त्यांनी हातवारे करून, दोन्ही बाजूंच्या आवाजात, मधूनच अहिराणीत जाऊन सांगितलं. मला अहिराणी थोडीफार समजते. नसती समजली तरी चाललं असतं.

भांडण मिटलं, आणि मी विचारलं, "आत्ता तुम्ही पाणी म्हणत होतात की पानी?"

ते एकदम थांबले. पेन हातातच राहिलं. माझ्याकडे बघितलं, मग त्या चित्राकडे.

"माहीत नाही, मॅडम."

"मलाही माहीत नाही," मी म्हटलं. "माझं लक्ष त्या सोडून दिलेल्या फडाकडे होतं."

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. मी सराईत ऐकणारी आहे, माणसाचा शब्दन् शब्द टिपणं हा माझा धंदा आहे, आणि ण-न चा विषय आमच्यात आधी निघालेला होता. तरीही ते दहा मिनिटं बोलले त्यात मला एकही 'न' ऐकू आला नाही. विषयाने मलाही ओढून नेलं होतं. आमच्या कामात जे शंभर वेळा समजावून होत नाही ते असं एकदा प्रत्यक्ष घडलं की होऊन जातं. तो क्षण मुद्दाम घडवून आणता येत नाही, पण तो येईल अशी जागा करून ठेवता येते. ती जागा मला त्या दिवशी नेमकी सापडली, याचं समाधान मला आजही आहे.

मग मी त्यांना एका प्रयोगाची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात केलेला, 2000 साली प्रसिद्ध झालेला. विद्यार्थ्याला एका गायकाचं चित्र असलेला, त्या वयात घालायची लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला लावायचे आणि इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचे. बाहेर आल्यावर विचारायचे, कितीजणांच्या लक्षात आलं असेल? विद्यार्थ्यांचा अंदाज असायचा, निम्म्यांच्या. प्रत्यक्षात ते चित्र कुणाचं हे सांगू शकणारे पावभरच निघायचे. आपली लाज आपल्याला जेवढी मोठी दिसते तेवढी दुसऱ्याला दिसत नाही, कारण तोही आपल्याच शर्टाच्या काळजीत असतो.

ते चित्राकडे बघतच बोलले. "म्हणजे पाण्यासारखंच आहे. पाणी तेवढंच असतं. मी सगळं माझ्याच वावरात सोडून बसलो होतो."

यावर मला आणखी काही सांगायचं उरलं नव्हतं. लक्ष नावाची गोष्ट मोजकीच असते. ती सगळी 'मी कसा दिसतोय' इकडे वळवली तर समोरच्या माणसाला आणि विषयाला काही उरत नाही. त्यांनी ते माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत सांगितलं होतं.

पुढच्या कट्ट्याला अजून तीन आठवडे होते. तोवर रोजचा सराव दिला: ऑफिसात, भाजीवाल्याकडे, मुलांच्या शाळेत, कुठेही, सुचलेलं पहिलं वाक्य न तपासता बोलायचं. अडखळलं तर अडखळू द्यायचं. जाण्याच्या आदल्या आठवड्यात ते म्हणाले, "मी असं करतो, सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझी भाषा जरा गावाकडची आहे, सांभाळून घ्या."

मी म्हटलं, ते मात्र करायचं नाही. नव्या ठिकाणी जाणारी किती माणसं अशी माफी मागून सुरुवात करतात. 'मी काही फार मोठा लेखक नाही', 'माझं आपलं साधंसुधं असतं'. नम्रता म्हणून ते शोभून दिसतं, पण त्याने दोन गोष्टी होतात. समोरच्याचं लक्ष आपणच आपल्या दुखऱ्या जागेवर नेऊन ठेवतो. आणि नंतर सगळं नीट पार पडलं तरी मन म्हणतं, सांभाळून घेतलं म्हणून झालं. भीती जिथल्या तिथे राहते.

त्याऐवजी काय करायचं ते आम्ही ठरवलं, आणि पहिल्यांदा जाणाऱ्या कुणालाही मी हेच सांगते. सगळ्यांत आधी, वेळेच्या थोडं अगोदर पोचा. लाजणारी माणसं मुद्दाम उशिरा जातात, म्हणजे गर्दीत मिसळता येईल असं त्यांना वाटतं. होतं भलतंच. उशिरा गेलं की तयार झालेलं वर्तुळ मोडून आत शिरावं लागतं आणि सगळे वळून बघतात. आधी गेलं की दोन-तीनच माणसं असतात, सतरंजी घालत असतात, चहाचं सांगत असतात. सतरंजीचं एक टोक धरलं की ओळख झाली. मग येणारा प्रत्येक जण तुमच्या वर्तुळात येतो.

दुसरं, जाण्याआधी त्या कट्ट्यावरच्या दोघा-तिघांचं लिखाण खरोखर वाचून जा. 'तुमचं लिखाण छान असतं' या वाक्याला 'धन्यवाद' याखेरीज उत्तर नसतं. 'तुम्ही आजीच्या जात्याबद्दल लिहिलं होतं, ते जातं आता कुठे आहे?' याला उत्तर असतं, आणि ते चांगलं पाच मिनिटं चालतं. लिहिणाऱ्या माणसाला आपला एखादा तपशील कुणाच्या तरी लक्षात राहिला याइतका आनंद कशाचाच होत नाही. तुम्हालाही होतो, आठवून बघा.

फोन खिशात ठेवा. फोटो काढत फिरणारा माणूस कामात आहे असं दिसतं, आणि कामात असलेल्या माणसाशी कुणी बोलायला जात नाही. आणि औपचारिक भाग संपला की लगेच गाडीची किल्ली हातात घेऊ नका. कट्ट्याची खरी भेट शेवटच्या अर्ध्या तासात होते, पार्किंगमध्ये नाहीतर कोपऱ्यावरच्या टपरीवर, जेव्हा दहांचे चार उरतात.

जुनी मंडळी आपसांत मागच्या सहलींच्या, मागच्या वादांच्या गोष्टी काढून हसतात आणि नव्याला त्यातलं काही कळत नाही, ही तक्रार मी नेहमी ऐकते. 'त्यांचा कंपू आहे, त्यांना नवीन कुणी नकोच आहे.' असा निष्कर्ष पहिल्या भेटीत काढू नका. ही माणसं वर्षभर एकमेकांना पडद्यावरच भेटतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष भेटल्यावर अधाशासारखी बोलणारच. त्यात तुमच्याविरुद्ध काही नाही. कुठल्याही कट्ट्याला दोनदा जा. दुसऱ्या खेपेला तुम्ही नवे नसता, मागच्या वेळचा एखादा विनोद तुम्हालाही कळतो. दुसऱ्यांदाही कुणी साधी विचारपूस केली नाही तर तो कट्टा खुशाल सोडा, दुसरा शोधा.

टोपणनावाने लिहीत असाल तर मात्र एक गोष्ट आधीच आयोजकांना सांगून ठेवा: माझा फोटो आणि खरं नाव कुठे टाकू नका. यात संकोच नको. सरकारी नोकरीतल्या, किंवा घरातल्या ताणांबद्दल लिहिणाऱ्या माणसांसाठी ही छोटी बाब नाही. पहिल्यांदा जाणाऱ्या मुलींना मी सांगते, जागा सार्वजनिक असावी, वेळ दिवसाची असावी, कुठे जातोय हे घरी कुणाला तरी ठाऊक असावं, आणि घरचा पत्ता पहिल्या ओळखीत कुणालाही द्यायचा नाही. माणसाचे लेख वाचले म्हणजे माणूस वाचला असं होत नाही.

ते दुसऱ्या कट्ट्याला गेले. नंतरच्या भेटीत आले तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागले होते. लवकर पोचले, संयोजकांबरोबर खुर्च्या मांडल्या. त्या ताई आल्यावर स्वतः त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही बंधाऱ्याचं विचारलं होतं, मी नीट सांगितलं नव्हतं." मग सांगितलं. आजूबाजूचे चार-पाच जण ऐकायला लागले. कुणीतरी वहीचं पान दिलं, त्यावर नदी काढली.

"आणि मॅडम, एक मुलगा हसला."

"कशाला?"

"पानीला. हळूच म्हणाला शेजारच्याला, पानी पानी. मला ऐकू आलं."

मी काही बोलले नाही.

"लागलं. कानशिलं गरम झाली. म्हटलं, आता काय करायचं? मग आठवलं की आपण पाटाच्या दारापाशी आलोय, अजून पाळ्यांचं सांगायचं राहिलंय. तर पुढचं सांगितलं."

"आणि तो मुलगा?"

"होता ना तिथेच. नंतर त्यानेच विचारलं, बंधारा बघायला जाता येईल का म्हणून." जरा वेळाने म्हणाले, "तो हसला ते मला आवडलं नाही. पण त्याच्यावाचून काही अडलंही नाही."

आवडलं नाही, पण अडलं नाही. आमच्या सगळ्या भेटींतून मला त्यांच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. कुणी हसलं नसतं आणि सगळं गोड झालं असतं, तर मला काळजी वाटली असती. मग त्यांची शांतता लोकांच्या चांगुलपणावर टेकलेली राहिली असती. आता ती त्यांच्या स्वतःच्या पायांवर उभी होती.

तरी त्यांना एक खुटखुट होतीच. "घरी जाताना सगळ्या रस्त्याने वाटत होतं, फार बोललो का? कंटाळले असतील का?" हेही बहुतेक सगळ्यांना होतं, म्हणून लिहिते. बोलणं झाल्यावर घरी परतताना मनात जी तपासणी चालते तिचे गुण नेहमी कमी पडतात. 2018 साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या विद्यापीठांतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी हे मोजून दाखवलं: नव्याने ओळख झालेल्या दोघांना वेगवेगळं विचारलं, तर समोरच्याला आपण किती आवडलो याचा दोघांचाही अंदाज सहसा खऱ्यापेक्षा कमी निघतो. म्हणजे तुम्ही रस्त्याने चुका मोजत जात असता, तेव्हा तिकडे तो दुसरा माणूस स्वतःच्या चुका मोजत घरी चाललेला असतो.

जे कट्टे चालवतात त्यांनाही माझी एक विनंती आहे. ओळखपरेड करू नका. 'चला, प्रत्येकाने उठून आपली माहिती सांगा' याने नव्या माणसाचं लक्ष पुन्हा स्वतःवरच जातं, आणि आपली पाळी येईपर्यंत तो दुसऱ्या कुणाचं ऐकतही नाही. त्याऐवजी जुन्यांपैकी एकाने नव्या माणसाचा एखादा लेख वाचून यावं आणि त्यातलं काहीतरी नेमकं विचारावं. उत्तर 'हो' एवढंच आलं तर निघून जाऊ नये. थांबावं, चहाचा घोट घ्यावा, आणि पुढचा प्रश्न विचारावा.

आमच्या भेटी त्यानंतर लवकरच थांबल्या. तिसऱ्या कट्ट्यालाही ते गेले. चौथ्याला गेले नाहीत. त्याचं कारण त्यांनी मला फोनवर सांगितलं: त्याच आठवड्यात उन्हाळी आवर्तन सुटणार होतं आणि त्यांची कालव्यावर ड्यूटी होती.